अप्पांच्या बोटाचं रक्त

लॅबमध्ये काम केलेल्या माणसाकडं किस्से का साठतात, सांगते. बोटाला सुई टोचायची म्हटलं की माणूस घाबरतो, आणि घाबरला की बोलत सुटतो. डॉक्टरसमोर जे निघत नाही ते आमच्यासमोर निघतं. सून जेवायला घालत नाही, म्हैस आटली, नवरा प्यायला लागला, सगळं. आपण कापसाचा बोळा लावेपर्यंत निम्मा संसार कळलेला असतो. असं तीस-बत्तीस वर्षं ऐकलं, आता डोक्यात जागा उरली नाही. रिटायर होऊन नांदेडात बसले, तर रोज एकेक वर येतं.

पण आज सांगते ते एकाच माणसाचं. अप्पा, आमचे सीनियर टेक्निशियन. लातूरला गंजगोलाईच्या मागं एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. आता तो नाही, त्यामुळं नाव विचारू नका. मी तिथं लागले तेव्हा बावीस वर्षांची, मुखेडहून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेली, आणि अप्पा पन्नाशीचे. रक्त कसं काढायचं इथपासून रक्त कसं वाचायचं इथपर्यंत सगळं त्यांनी मला शिकवलं. आणि त्यांचे पाय गेले ते मी वेळेवर तोंड उघडलं नाही म्हणून. लोक म्हणतात सगळा दोष तुझा नाही. नसेल सगळा, पण निम्मा तरी आहेच, आणि तो मला पुरतो.

आधी जरा हसण्याचं सांगते. नाहीतर तुम्ही उठून जाल.

*

लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पाण्याची बोंब होती. बहात्तरच्या दुष्काळासारखी नाही, पण पाऊस वर्षामागं वर्ष दगा देत होता. औशाकडचा एक म्हातारा बोट पुढं करायलाच तयार नव्हता.

मी म्हटलं, "बाबा, दोन थेंब पुरे."

"थेंबाचं काय न्हाई बाई. आमच्या गावात तीन दिसाला टँकर येतो. तुम्ही अंगातलं ओलं काढून राहिलात. काढा, पर तेवढं परत घाला."

अप्पा आतून उठले, आपला पितळी तांब्या आणला आणि म्हाताऱ्याला पेलाभर पाणी ओतून दिलं. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

"आता फिटंफाट झाली," अप्पा म्हणाले. "काढा बोट."

*

आमच्याकडं स्लाइड रंगवायला डिस्टिल्ड वॉटर लागायचं. टँकरच्या पाण्यात स्लाइड रंगवली की सगळ्या पेशी निळ्या-जांभळ्या, काही दिसायचंच नाही. म्हणून त्या पाण्याच्या कॅनला अप्पा जिवापाड जपायचे. एकदा ट्रस्टी आले, जिल्हा झाल्याच्या आनंदात पेढे घेऊन. नेमका त्या दिवशी प्यायच्या पाण्याचा माठ कोरडा. कुणीतरी आमचा कॅन उचलला आणि चहा टाकला.

ट्रस्टी खूश. म्हणाले, "असा स्वच्छ चहा आख्ख्या लातुरात न्हाई."

अप्पांनी रिकामा कॅन हलवून बघितला. "कसा असंल साहेब," ते म्हणाले, "आठ पेशंटचा रिपोर्ट पिलात तुम्ही."

*

जिल्हा बदलला तरी आमच्या रिपोर्टवर शिक्का जुन्याच जिल्ह्याचा. नवा शिक्का करायला टाकला होता, तो काही येत नव्हता. अप्पा रोज पंचवीस-तीस कागदांवर जुनं नाव खोडून वर सुबक अक्षरात 'जि. लातूर' लिहायचे. एकही कागद तसाच जाऊ द्यायचे नाहीत.

एका बाईनं ते खोडताना बघितलं आणि विचारलं, "अप्पा, जिल्हा बदलला, आता तरी माझं रक्त वाढंल का हो?"

अप्पांनी पेन खाली ठेवला. "अक्का, रिपोर्ट लिहायचं माझ्या हातात हाय. वाढायचं न्हाई."

असा माणूस. शब्दाला शब्द, पण आवाज कधी चढायचा नाही. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. चुकीचा रिपोर्ट जाऊ नये म्हणून एकेका स्लाइडवर पंधरा-पंधरा मिनिटं बसायचे.

*

अप्पांची एक रीत होती. सकाळी आले की हात धुवायचे, डोळे मिटून एक मिनिट उभे राहायचे, आणि पहिली सुई स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटाला टोचायचे. दिवसाची पहिली स्लाइड त्यांच्या रक्ताची. तिला ते 'नमुना' म्हणायचे. मग दिवसभर प्रत्येक पेशंटची स्लाइड त्या नमुन्याशी ताडून बघायची.

ताडायचं काय, तर लाल पेशीचा आकार. अप्पांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं ते असं: "बघ पोरी, अंगात लोह कमी पडलं की पेशी बारीक होती, अन मधून फिक्कट. व्हिटॅमिन कमी पडलं, बी-ट्वेल्व्ह म्हण, फॉलिक म्हण, की पेशी थोराड होती. पेशीला दोन व्हायचं असतं, ते तिला जमत न्हाई, मग नुसतीच फुगती. थोड्या असत्यात, पर ढोल्या. रक्त दोन्हीकडं कमीच. म्हून माणूस पांढरा दिसला म्हणून भागत न्हाई. पेशी बघायची. बारीक असली तर लोखंडाची गोळी, थोराड असली तर इंजेक्शन."

"आणि बारीक का थोराड हे ठरवायचं कसं?"

"नमुना हाय की."

अप्पांनी कुठल्या कॉलेजात शिक्षण घेतलं नव्हतं. वॉर्डात काम करता करता एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकले. त्या डॉक्टरांनीच त्यांचं रक्त तपासून सांगितलं होतं, 'एकदम नॉर्मल, हेच प्रमाण धर.' तेव्हापासून अप्पांनी तेच धरलं. आणि शिस्त अशी, की कालचा नमुना आज चालायचा नाही. रंग उतरतो म्हणायचे. रोज ताजा, आणि कालची स्लाइड धुऊन टाकायची.

आळशी असते तर बरं झालं असतं. एखादी दहा वर्षांची जुनी स्लाइड कपाटात पडून राहिली असती, तर त्यांच्याच डोळ्यांना दिसलं असतं की आपलं रक्त बदललंय. पेशी काही एका रात्रीत मोठी होत नाही. वर्षाला थोडी, वर्षाला थोडी. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही.

*

एके दिवशी अप्पा एकच चप्पल घालून लॅबमध्ये आले. घरापासून चालत आलेले, भर मे महिना, डांबर पाघळलेलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं, त्यांनी नाही.

"अप्पा, दुसरी चप्पल कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी खाली बघितलं, पाय वर करून बघितला. तळव्याला फोड आलेले. "पडली वाटतं कुठं," म्हणाले.

आम्ही हसलो. खूप हसलो. पुढं आठवडाभर कुणी ना कुणी विचारायचं, 'अप्पा, आज दोन्ही हायत का?' अप्पाही हसायचे. तापलेल्या डांबरावर अनवाणी चाललेल्या माणसाला चटका कसा बसला नाही, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आणि आम्ही दवाखान्यात काम करत होतो, बरं का. किराणा दुकानात नाही.

*

आता माझा किस्सा. हा मी फार कुणाला सांगितलेला नाही.

दुपारी जेवायला अप्पा घरी जायचे. मी माझा डबा मागच्या व्हरांड्यात नेऊन खायची. आमच्या डब्यात सुकट असायची, कधी अंडं, रविवारचं उरलेलं मटण. अप्पांचं घर कडक शाकाहारी, कांदासुद्धा चार वेळा विचार करून खाणारं. 'बाहेर जाऊन खा' असं त्यांनी मला कधीच म्हटलं नाही. मीच जायची. लहानपणापासून काही गोष्टी न सांगता कळतात, तशी.

एका दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, स्लाइड केली, रंगवली आणि अप्पांच्या सकाळच्या नमुन्याशेजारी ठेवून बघितली. आधी त्यांची, मग माझी, मग पुन्हा त्यांची.

माझ्या पेशी लहान होत्या. थोड्या नाही, चांगल्या लहान.

मला काय वाटलं असेल? माझं रक्त खराब. दुसरं काही मनातसुद्धा आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आई मला सोबत घेऊन खडी फोडायला जायची, रेशनच्या लाल मिलोची भाकरी खाऊन वाढलेलं अंग, ह्यात कुठून येणार चांगलं रक्त? आणि समोर अप्पा, पिढ्यान्‌पिढ्यांचं व्यापाऱ्याचं घर. त्यांचंच बरोबर असणार. मी माझी स्लाइड कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

सुट्टीला मुखेडला गेले तेव्हा आईनं गोळ्या बघितल्या. "हे कशापायी खाऊन राहिलीस?"

"माझं रक्त कमी हाय."

"तुझं? बोंबील खाऊन वाढलेली पोर तू. दोन घागरी डोक्यावर घेऊन पळतीस. कोण म्हणलं कमी हाय?"

"आई, तुला काय कळतं त्यातलं," मी म्हटलं.

आई शाळेची पायरी चढली नव्हती. तिला बरोबर कळलं होतं. मायक्रोस्कोप माझ्याकडं होता, आणि मी आठ महिने लोखंड खात बसले. फायदा काही झाला नाही, पोट तेवढं बिघडलं.

त्या आठ महिन्यांत मी एकदा, फक्त एकदा म्हणायला हवं होतं, 'अप्पा, ह्या दोन स्लाइड बघा, कशा वेगळ्या दिसतात.' त्यांनी पंधरा मिनिटं बघितलं असतं. त्यांना कळलं असतं. पण माझी लाज मला मोठी वाटली.

*

मधल्या काळात अप्पा बेसिनपाशी पडले. तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि उभ्या उभ्या कलंडले. "साबण डोळ्यात गेला," म्हणाले. सकाळी डोळे मिटून एक मिनिट उभं राहायची रीत होती, तीही बंद झाली. आता टेबलाला धरून उभे राहायचे. चालताना पाय फाकवून, जमीन आहे का नाही बघितल्यासारखं.

मी म्हटलं, "अप्पा, एकदा रक्त तपासा ना."

"रोज सकाळी तपासतोच की," अप्पा म्हणाले. "सगळ्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाचं तपासलं जात न्हाई."

खरंच होतं ते.

*

मग शेख मॅडम आल्या. नवीन डॉक्टर, हैदराबादला शिकलेल्या, बोलणं कमी आणि चालणं भराभर. आल्या आल्या त्यांनी लॅब बघायची म्हटलं. अप्पा नुकतेच नमुना लावून बाजूला झाले होते. मॅडम स्टुलावर बसल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

बघत राहिल्या. स्लाइड सरकवली, पुन्हा बघितलं. मग मान वर न करताच म्हणाल्या, "ह्या पेशंटला आत्ताच्या आत्ता बोलवा. ह्याला चालता तरी येतं का?"

आम्ही सगळ्यांनी अप्पांकडं बघितलं.

अप्पा टेबलाला धरून उभे होते. म्हणाले, "येतं मॅडम. थोडं थोडं."

मॅडमनी तेव्हा मान वर केली. त्यांनी अप्पांना खुर्चीवर बसवलं, मोजे काढायला लावले, पायाच्या अंगठ्याला कापूस लावला. "कळतंय?"

"काय?" अप्पांनी विचारलं.

मग प्रश्न सुरू झाले. मांस, मासे? शिव शिव. अंडी? नाही. दूध, दही, ताक?

"बहात्तरला सोडलं."

"का?"

"पोरी लहान होत्या. म्हशीला चारा न्हाई, पाणी न्हाई, ती देऊन टाकली. कुठूनतरी पावशेर दूध यायचं. त्यात मी कुठं तोंड घालू? मग सवयच गेली."

"तेव्हापासून दूध नाहीच?"

"न्हाईच."

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह धान्यात नसतं, भाजीत नसतं. मांसमच्छीत असतं, अंड्यात असतं, आणि शाकाहारी माणसाला दुधातून तेवढं मिळतं. तेही सोडलं तर अंगातला साठा वर्षानुवर्षं झिजत जातो. मग लाल पेशी थोराड होतात, आणि पायांच्या नसा झिजतात; डोळे मिटले की पाय कुठं आहेत तेच कळत नाही, माणूस पडतो. आकार ताडायला बाहेरच्या नमुन्याची गरजच नसते, त्या म्हणाल्या. त्याच स्लाइडमध्ये छोटी गोल पांढरी पेशी असते, तिच्या गाभ्याएवढी लाल पेशी असली की बरोबर. अप्पांची लाल पेशी त्या गाभ्याच्या किती बाहेर जात होती, ते मी पण बघितलं.

मग मी पर्स उघडली. कागदात गुंडाळलेली ती स्लाइड अजून तिथंच होती. मॅडमनी लावून बघितली. "ही कुणाची? ही एकदम नॉर्मल आहे."

"माझी," मी म्हटलं.

अप्पांनी विचारलं, "कधीची हाय?"

"आठ महिने झाले."

"माझ्याशी ताडून बघितली होतीस?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस, पोरी?"

"मला वाटलं माझंच खराब हाय."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि हळूहळू मोजे घालायला लागले. एक मोजा उलटा घातला, तो मी सरळ केला.

*

त्यानंतर अप्पांनी जुन्या नोंदवह्या काढल्या. त्यांच्या थोराड पेशींशी ताडलेलं सगळंच उलटं झालं होतं. ज्यांच्या पेशी खरंच मोठ्या होत्या त्यांना 'आकार बरोबर' लिहून घरी पाठवलेलं, आणि धडधाकट माणसांना 'बारीक' लिहून लोहाच्या गोळ्या. अप्पांनी दोनशेच्या वर पोस्टकार्डं लिहिली. सगळ्यांवर एकच मजकूर: 'मागील तपासणीत माझी चूक झाली आहे. कृपया पुन्हा यावे.' मी म्हटलं, 'आमची' लिहा. तर म्हणाले, "बोट माझं होतं."

काही आले. बरेच आले नाहीत. काही कार्डं 'गाव सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. दुष्काळात माणसं कुठं कुठं जातात, पोस्टमन कुठवर शोधणार?

आलेल्यांत निलंग्याकडची एक आजी होती. अप्पांच्याच समाजातली, मुलाच्या पाठीवर बसून आली. तिला लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. अप्पांना पण तीच, त्याच दिवसापासून, शेजारी शेजारी बाकावर बसून. दीड-दोन महिन्यांत दोघांच्याही पेशी जागेवर आल्या. इतकं सुंदर रक्त, बघत राहावं असं.

मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "रक्त परत येतं. नसांचं मी सांगू शकत नाही. किती उशीर झालाय त्याच्यावर आहे."

आजीला उशीर कमी झाला होता. चौथ्या महिन्यात ती काठी न घेता चालत आली, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. अप्पा लॅबच्या दारात खुर्चीवर बसलेले. आजी ठसक्यात म्हणाली, "का हो अप्पा, पाहुणी दारात आली तर उठायची पद्धत न्हाई का तुमच्यात?"

अप्पा हसून म्हणाले, "आज राहू द्या, अक्का. आज तुम्हीच उभ्या राहा."

तिला कळलं तशी ती डबा तिथंच ठेवून रडायला लागली. अप्पांनीच तिची समजूत काढली. मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले, नळाला पाणी नव्हतं तरी.

आठ महिने. मी कितीदा तरी हिशेब घातलाय. आजीइतकाच उशीर त्यांना झाला असता, तर तेही उठले असते.

*

वर्षभरानं माझं लग्न ठरलं, नांदेडला. लॅबमधला शेवटचा दिवस. अप्पा आता रोज यायचे नाहीत, पण त्या दिवशी सायकलरिक्षातून आले. दोघांनी धरून आत आणलं, स्टुलावर बसवलं. आता नमुना लावायची गरज उरली नव्हती, आम्ही सगळे पांढऱ्या पेशीवरूनच बघायचो. तरी अप्पांनी सुई मागितली. स्पिरिटनं पुसली. काच स्वतः पुसली, दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा धरली.

मला वाटलं, स्वतःचं बोट टोचणार. ते म्हणाले, "तुझा हात आण. आजचा नमुना तुझा लावू."

सगळे बघत होते. मी हात पुढं केला. अप्पांनी तो आपल्या हातात घेतला आणि सुई तशीच वर धरून थांबले. पायांसारखी त्यांच्या बोटांतलीही जाणीव गेलेली होती, ते मला माहीत नव्हतं.

त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"पोरी, बोट धरलंय का मी? मला कळून न्हाई राहिलं."

"धरलंय, अप्पा," मी म्हटलं. "टोचा."